दार आणि भिंत : ख्रिस्ती देवळांतील पंक्तिभेदाची कहाणी



नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे २ मार्च १९३० रोजी जो सत्याग्रह सुरू झाला, त्याची हकीकत या सभेत कोणास नव्याने सांगावयास नको. पंढरीच्या विठ्ठलाचे दार सर्वांस उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणास लावले, तेही आपणास ठाऊक आहे. या दोन्ही लढ्यांत झगडा दाराचा होता. देव आत आणि भक्त बाहेर, मधे दार. त्यामुळे आपल्या मनाने एक समजूत करून घेतलेली असते की, जेथे दार सर्वांस मोकळे आहे तेथे प्रश्नच उरत नाही. ख्रिस्ती देवळाकडे बोट दाखवून ‘त्यांच्याकडे बघा’ असे आपले सुधारक म्हणत आले, आणि त्यांच्याकडचे प्रचारकही तेच म्हणत आले.

ही समजूत कितपत खरी आहे हे पाहावयाचे असेल तर दाराशी थांबून भागणार नाही, आत गेले पाहिजे. आत गेल्यावर माणूस कोठे बसतो, कोणाच्या शेजारी बसतो, प्रभुभोजनाचा पेला त्याच्या ओठी केव्हा लागतो, त्याच्या हातून दुसरे कोणी तो पेला घेते की नाही, आणि शेवटी त्याला मूठमाती कोठे मिळते, एवढे पाहावयाचे. सिद्धांताविषयी वाद नव्हताच. ख्रिस्ताच्या ठायी यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र हा भेद राहत नाही, असे संत पौलाने गलतीकरांस लिहून ठेवले आहे आणि ते कोणी नाकारलेले नाही. झगडा झाला तो बाकांवरून, चटयांवरून आणि पेल्यावरून. आणि माझे मत असे की, सिद्धांताच्या ग्रंथांपेक्षा बाकांचा इतिहास अधिक खरे बोलतो.

हा इतिहास पाहण्यास मी आपणास प्रथम तमिळ देशात नेणार आहे. दूरचे वाटेल, पण तेथील एक नगर आपल्याला परके नाही. तंजावर.

तंजावरच्या भोसल्यांच्या फौजेत राजनायकन् नावाचा एक शिपाई होता. जातीने परैयर, म्हणजे तिकडच्या अस्पृश्यांपैकी. घराण्याने रोमन कॅथलिक. जवळच समुद्रकाठी तरंगंबाडी हे डेन्मार्कच्या राजाचे ठाणे. तेथे ९ जुलै १७०६ रोजी झीगनबाल्ग हा जर्मन पाद्री उतरला होता आणि त्याने नवा करार तमिळ भाषेत छापून काढला होता. ते पुस्तक या शिपायाच्या हाती पडले. त्याने ते वाचले आणि तो ल्यूथरन मंडळीत आला. पुढे शिपाईगिरी सोडून तो उपदेशक झाला. तंजावरच्या मुलखात परदेशी पाद्र्यांना जेथे पाऊल टाकता येत नव्हते तेथे हा माणूस मार खात, शिव्या खात हिंडला, आणि त्याच्या तोंडून ऐकून माणसे मंडळीत आली. त्या काळच्या मिशनचे सारे काम ज्यांच्या खांद्यावर उभे होते त्यांत राजनायकन् याचे नाव पहिल्या दोनचारांत घ्यावे लागेल.

यानंतर देशी माणसास पाळकपदाची दीक्षा द्यावयाची वेळ आली. ती २८ डिसेंबर १७३३ रोजी देण्यात आली, ती आरोन या वेल्लाळ गृहस्थास. वेल्लाळ ही जमीनजुमला राखून असलेली प्रतिष्ठित जात. आरोन भला माणूस होता, त्याच्या योग्यतेविषयी मला काही म्हणावयाचे नाही. पुढे दुसऱ्या पाळकाची गरज पडली तेव्हा राजनायकन् याचे नाव निघाले. तरंगंबाडीच्या पाद्र्यांनी त्याच्या निष्ठेची तारीफ केली, आणि त्याला दीक्षा दिली नाही. कारण त्यांनी झाकून ठेवलेले नाही. याच्या हातून प्रभुभोजन दिले तर वरच्या जातीच्या ख्रिस्ती लोकांचा त्या संस्काराविषयीचाच आदर कमी होईल, अशी त्यांना भीती वाटली.

या कारणाचा क्षणभर विचार करा. ते पाद्री दुष्ट नव्हते. घरदार सोडून, सहा सहा महिने समुद्रावर काढून, ज्या मातीत आपले हाड पडणार हे ठाऊक होते तेथे ते आले होते. राजनायकन् अपवित्र आहे असे ते मुळीच मानीत नव्हते. त्यांनी फक्त इतकेच केले की, जो तसे मानीत होता त्याच्या भावनेची किंमत राजनायकन् याच्या पदरात टाकली. आपल्याकडेही ‘आमची काही हरकत नाही हो, पण गावाला काय वाटेल’ असे म्हणणारे सभ्य गृहस्थ आपण पाहिले आहेत. भेदाला पाळणारांपेक्षा सांभाळून घेणारांनीच अधिक आयुष्य दिले आहे.

अर्थात हे सांभाळून घेणे तरंगंबाडीत जन्मले नव्हते. त्याच्या शंभर वर्षे आधी, १६०६ मध्ये, रॉबर्ट डी नोबिली हा इटालियन जेसुइट मदुरेस आला आणि भगवी वस्त्रे लेवून ब्राह्मण संन्याशाप्रमाणे राहू लागला. शेंडी, जानवे, गंध ही समाजाची चिन्हे आहेत, धर्माची नव्हेत, असे त्याने प्रतिपादन केले, आणि १६२३ मध्ये पोप पंधरावा ग्रेगरी याने ते मान्य केले. बुद्धी म्हणून पाहिले तर हा युक्तिवाद मोठा देखणा आहे. पण जानवे हे समाजचिन्ह ठरले की त्याच्या पाठोपाठ अंतर राखून बसणे हेही समाजचिन्ह ठरते. झालेही तसेच. मदुरा मिशनमध्ये ब्राह्मणांसाठी संन्यासी पाद्री वेगळे आणि खालच्यांसाठी पंडारस्वामी वेगळे, अशी व्यवस्था उभी राहिली. गोमंतकात गावोगावच्या चर्चमध्ये ‘कोंफ्रारी’ नावाचे भक्तसंघ होते. त्यांतही जातीजातींचे संघ निराळे आणि अंगावरच्या झुलींचे रंगही निराळे. रोमहून मधून मधून कानउघाडणी होई. १७०४ मध्ये पोपच्या प्रतिनिधीने, आजारी परैयराच्या झोपडीत जाऊन संस्कार दिलेच पाहिजेत, असा हुकूम काढला. असा हुकूम काढावा लागला, यातच सर्व आले.

आता परत तंजावरास येऊ. सरफोजी महाराजांचे नाव आपण सरस्वती महाल ग्रंथालयामुळे आदराने घेतो. त्यांच्या बाळपणी त्यांचा पालक होता श्वार्ट्झ नावाचा जर्मन पाद्री. तो १७९८ मध्ये वारला, तेव्हा सरफोजींनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून त्याचे संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. याच श्वार्ट्झने वाढविलेला दुसरा मुलगा म्हणजे वेदनायगम शास्त्री. हा वेल्लाळ कुळातला, तमिळ ख्रिस्ती काव्याचा मोठा पुरुष. त्याची ‘बेथलेहेम कुरवंजी’ ही रचना प्रसिद्ध आहे. सरफोजींनी त्याला दरबारचा आश्रय दिला. मराठा राजा, जर्मन गुरू आणि तमिळ कवी असे हे विलक्षण त्रिकूट.

श्वार्ट्झच्या देवळात वेल्लाळ एका बाजूस आणि परैयर दुसऱ्या बाजूस बसत. त्याने ते चालू दिले. हळूहळू जाईल असे त्याला वाटे. हळूहळू काही जात नाही, ते मुरते. पुढच्या पिढीच्या पाद्र्यांनी १८२८-२९ च्या सुमारास या बैठकी मोडावयास घेतल्या, तेव्हा विरोधाला उभा राहिला तो हा कविराज. त्याने १८२९ मध्ये जातिभेदाच्या बाजूने लिहिले, आणि पाद्र्यांच्या अत्याचारांची यादी केली. त्या यादीत जाती एकत्र बसविणे आहे, तसेच सणावारी देवळात फुले लावण्यास मनाई आणि तमिळ पदे व वाद्ये बंद करणे हेही आहे.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. फुले आणि गाणी यांविषयी शास्त्रीबुवांचे म्हणणे आज आपल्याला पटेल. ज्याने आयुष्यभर तमिळ रागांत ख्रिस्ताचे गुण गायिले, त्याला परदेशी सुरावट गळ्यात अडकवा म्हणणे हा अन्यायच होता. पण एकाच अर्जात त्यांनी फुलांच्या माळेबरोबर परैयराच्या माथ्यावरचे ओझेही ‘आमची रीत’ म्हणून बांधून टाकले. ‘आमची संस्कृती’ हा शब्द उच्चारणाराने आपली गाठोडी अधूनमधून सोडून पाहावी. आत काय काय बांधले आहे याचा त्यालाही पत्ता नसतो. साहेबलोक आपसांत दर्जा पाळतातच की, हा वेल्लाळ पक्षाचा दुसरा मुद्दा मात्र बिनतोड होता. त्या काळी इंग्लंडातील देवळांत पुढची बाके भाड्याने मिळत, आणि गरिबाला मागे जागा. आपल्या घरातली ती बाके इंग्रज बिशपांना दिसत नव्हती असे नाही.

कलकत्त्याचा बिशप हेबर याने १८२६ मध्ये या प्रश्नात सबुरीचा सूर लावला होता. त्याच वर्षी तिरुचिरापल्लीस त्याचा अंत झाला. त्याच्या गादीवर पुढे आलेला डॅनियल विल्सन हा वेगळ्या धातूचा होता. जुलै १८३३ मध्ये त्याने पत्रक काढले की, मंडळीत जातिभेद आता निश्चयाने, ताबडतोब आणि कायमचा संपला पाहिजे. बसण्यात नाही, प्रभुभोजनात नाही, कोठेच नाही. १८३५ च्या आरंभी तो स्वतः तंजावरास गेला. परिणाम काय झाला? कित्येक वेल्लाळ कुटुंबे देवळाबाहेर पडली. काही वर्षांनी लाइपझिगहून आलेल्या ल्यूथरन मिशनने मवाळ धोरण ठेवले, तेव्हा त्यांतली पुष्कळ तिकडे गेली. १८५० मध्ये मद्रासच्या मिशनरी परिषदेने जातिभेदाचा निषेध करणारा ठराव केला. त्यात सामील झाले नाहीत ते लाइपझिगवालेच.

विल्सनची बाजू न्यायाची होती. तरीही ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते ते परैयर या कागदपत्रांतून बोलताना फारसे ऐकू येत नाहीत. बिशप बोलतो, शास्त्री बोलतो, पाद्री बोलतात. ज्याला शेजारी बसवावयाचे की नाही हा वाद, तो गप्प आहे.

तो बोलू लागला म्हणजे काय होते ते पाहण्यासाठी तंजावराहून दक्षिणेस, कन्याकुमारीच्या वाटेवर तिरुनेलवेलीच्या मुलखात जावे लागेल. तेथे वडक्कनकुळम् हे कॅथलिकांचे जुने गाव. येथे झगडा होता वेल्लाळ आणि नाडार यांचा. नाडार म्हणजे ताडी काढणारे. परैयरांइतके खाली लेखलेले नव्हेत, पण हिंदू देवळात त्यांना मज्जाव होता. गावात दोघेही ख्रिस्ती, आणि दोघेही एका छपराखाली बसावयास राजी नाहीत. तेव्हा जेसुइट पाद्र्यांनी १८७२ मध्ये एक अजब इमारत योजिली. कापड पसरून ठेवलेल्या विजारीसारखा तिचा आकार. दोन लांब दालने, दोन दारे, मधे भिंत. आणि विजारीचे दोन पाय जेथे जुळतात तेथे वेदी. वेदीशी उभा राहिलेला पाद्री दोन्ही दालनांना दिसावा, पण या दालनातल्या भाविकाला त्या दालनातला भाविक दिसू नये. एकच मिस्सा, एकच ख्रिस्त, आणि मधे चुनाविटांचे जातिशास्त्र. जगातल्या वास्तुशिल्पाच्या पुस्तकांतून असे दुसरे उदाहरण मला तरी आढळलेले नाही.

पण नाडार स्वस्थ बसणारे लोक नव्हते. त्यांच्यात व्यापार वाढला होता, शाळा निघाल्या होत्या. त्यांनी अर्ज केले, तक्रारी केल्या, पिढी गेली तरी धरून ठेवले. अखेर १९१० च्या सुमारास चर्चच्या अधिकाऱ्यांनी ती भिंत पाडली. वेल्लाळांनी सरळ दिवाणी कोर्ट गाठले. मायकेल पिल्ले नावाच्या वादीचा हा दावा मद्रास हायकोर्टापर्यंत गेला. मागणी अशी की, भिंत पुन्हा बांधून द्यावी, आमच्या दालनात नाडारांना येऊ देऊ नये. त्यांच्या स्पर्शाने आम्ही विटाळतो. १९१६ च्या सुमारास हायकोर्टाने ही मागणी फेटाळली. ख्रिस्ती मंडळीत विटाळाच्या कल्पनेवर हक्क उभारता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

या निकालाच्या शेजारी दुसरा एक निकाल ठेवून पाहा. नाडार मंडळींनी १८९७ मध्ये कमुदीच्या शिवमंदिरात प्रवेश केला होता. रामनादच्या राजाने दावा लावला आणि तो विलायतेत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९०८ मध्ये नाडारांच्या विरुद्ध निकाल झाला. मंदिराच्या दाराशी एक नाडार हरला आणि आठ वर्षांत चर्चच्या भिंतीशी दुसरा नाडार जिंकला. कायदा एकाच सरकारचा. फरक इतकाच की, मंदिरात रूढी हाच धर्म मानला गेला, आणि चर्चमध्ये रूढीला धर्माचा आधार दाखविता आला नाही. सिद्धांताचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर हे उत्तर आहे: दोनशे वर्षे तो निरुपयोगी पडून राहतो, आणि एक दिवस भिंतीपलीकडचा माणूस तो उचलून कोर्टात घेऊन जातो.

सर्वांनाच कोर्टाची वाट पाहवली नाही. केरळात ६ सप्टेंबर १८५४ रोजी जॉर्ज मत्तन या पाळकाने हाबेल या गुलामास बाप्तिस्मा दिला, ही घटना तिकडे मोठी मानतात. पण बाप्तिस्मा घेतलेल्या पुलय-परैयरांची प्रार्थनाघरे सिरियन ख्रिस्ती लोकांच्या देवळांहून निराळीच राहिली. पोय्कयिल योहन्नान हा परैयर उपदेशक प्रथम मार्थोमा मंडळीत गेला, मग ब्रदरन पंथात. भेद सगळीकडे आढळला. १९०९ मध्ये त्याने आपल्या गुलाम पूर्वजांच्या नावाने ‘प्रत्यक्ष रक्षा दैव सभा’ हा स्वतंत्र पंथच काढला. ग्रंथांतून आपल्या कुळाविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही, ही व्यथा त्याने आपल्या गीतांतून गायिली. पुढे तो त्रावणकोरच्या प्रजासभेचा सभासद झाला. भिंत पडत नसेल तर घर सोडावे, हा त्याचा मार्ग.

आपल्या महाराष्ट्रात चित्र जरा निराळे आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री १८१३ मध्ये मुंबईस आले आणि १८३१ मध्ये अहमदनगरास त्यांनी ठाणे केले. नगर जिल्ह्यातील मंडळ्यांत भरणा झाला तो महार आणि मांग समाजांचा, ब्राह्मण मूठभर. पण १८५४ मध्ये तेथे पाळकपदाची दीक्षा मिळाली ती हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक या दोघा ब्राह्मणांस. शिक्षण त्यांच्यापाशी होते, हे कारण खरे आहे. आरोनचेही कारण असेच काही सांगता आले असते. महार आणि मांग यांच्यातला दुरावाही बाप्तिस्म्याच्या पाण्याने एका दिवसात धुऊन गेला नाही. म्हणूनच नारायण शेषाद्री यांचे नाव मुद्दाम घेतले पाहिजे. १८४३ मध्ये मुंबईस ख्रिस्ती झालेला हा ब्राह्मण जालन्याकडे गेला, मांग समाजात राहिला आणि जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत त्याने वसविली. सर्वांत खाली लोटलेल्यांपाशी जाऊन तेथून वर यावयाचे, ही त्याची रीत.

आणि लक्ष्मीबाई टिळक! नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला. बाई पुढे त्यांच्याकडे राहावयास आल्या तरी त्यांची चूल निराळी, पाणी निराळे, सोवळे कडक. हे सोवळे कसे गळून पडले ते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितले आहे, ते ज्याने त्याने तेथेच वाचावे. कोणा बिशपच्या पत्रकाने ते गेले नाही. जाती देवाने केल्या नाहीत, माणसांनी केल्या, असे एके दिवशी त्या बाईला आतूनच उमगले आणि तिने कोणाच्याही हातचे खावयास सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. धर्मांतराआधी जात्यंतर झालेले हे उदाहरण. उलट क्रमाची उदाहरणे शेकड्यांनी सापडतील. टिळकांनी शेवटी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला दोघांनाही जागा होती.

डॉ. आंबेडकरांनी येवल्यास १९३५ मध्ये धर्मांतराची घोषणा केली तेव्हा ख्रिस्ती धर्मोपदेशकही आशेने त्यांच्याकडे पाहू लागले होते. बाबासाहेबांनी या मंडळ्यांचा इतिहास बारकाईने तपासला होता. धर्म बदलला तरी जात बरोबर नेली जाते आणि चर्चने तिच्याशी तडजोड केली, हे त्यांनी आपल्या लेखांत परखडपणे मांडले आहे. हे लेख त्यांच्या निधनानंतर, महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. त्यांनी कोणती वाट धरली ते १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दिसले. चर्चच्या आतून तोच प्रश्न पुढे ज्याने विचारला तो पुन्हा जालन्याचाच: अरविंद निर्मल. १९८० नंतरच्या दशकात त्यांनी बंगळूर आणि मद्रासच्या धर्मविद्यालयांतून दलित ईश्वरविद्येचा पाया घातला. परैयर तरंगंबाडीत गप्प होता. येथे दलित स्वतः धर्मशास्त्र सांगू लागला.

कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये, चर्चमध्ये अस्पृश्यता आहे, असे एका धोरणपत्रात लेखी कबूल केले. देशातील सुमारे १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित आहेत, हेही त्यात म्हटले आहे. २७ ऑगस्ट २०२२ रोजी हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. तमिळनाडूत मात्र काही दफनभूमींतील जातीच्या भिंतींवरून एकविसाव्या शतकातही आंदोलने करावी लागली. विजारीचे देऊळ एक झाले, पण माती एक झाली नाही.

या कहाणीला अलीकडे एक उलटे वळण लागले आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेर राहिले. त्यांच्या मागणीचा विचार करण्यास २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमण्यात आला. पण त्याआधी, १९८५ मध्ये, सूसाई नावाच्या ख्रिस्ती चांभाराचा दावा सर्वोच्च न्यायालयात आला होता. मद्रासच्या रस्त्याच्या कडेला बसून तो जोडे शिवीत असे. सरकारने चांभारांना टपऱ्या दिल्या. त्याच्या शेजारच्या हिंदू चांभारांना मिळाल्या, त्याला मिळाली नाही. न्यायालय म्हणाले, जातीची पीडा नव्या धर्मातही तितक्याच तीव्रतेने चालू आहे हे पुराव्याने दाखविले पाहिजे, आणि तसा पुरेसा पुरावा पुढे आलेला नाही.

वडक्कनकुळम् येथील भिंत पाडावी म्हणून नाडारांनी एक पिढी अर्ज केले. सूसाईला टपरी हवी असेल तर त्याने भिंत अजून उभी आहे हे शाबीत करावयाचे होते, आणि तेही ज्या देवळात तो दर रविवारी जात असेल त्याच देवळाविरुद्ध.